मुदतीचे एकोणीस दिवस

"इथं पोलीस येतात का?"

खुर्चीवर बसण्याआधीच तिनं मला हे विचारलं. उजवा हात कोपरापर्यंत प्लॅस्टरमध्ये, डाव्या हाताला सहा वर्षांची मुलगी. मी म्हणाले, "नाही, इथं फक्त आम्ही." तरी तिनं एकदा मागं वळून दाराकडं पाहिलं आणि मगच ती बसली.

जिल्हा न्यायालयाच्या आवारात मोफत कायदेशीर मदतीचं कार्यालय होतं. तिथं दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी माझी पाळी असायची. वकिली सुरू करून मला जेमतेम दोन वर्षं झाली होती. पिशोरहून शिकायला म्हणून औरंगाबादला आले ती इथंच राहिले. आमच्याकडं येणारी माणसं साधारण ठरलेली असायची. नवरा नांदवत नाही, भावानं जमिनीत हिस्सा दिला नाही, मुलाला पोलिसांनी उचललंय आणि जामिनाला वकील नाही. दोन वर्षांत मला वाटायला लागलं होतं की माणूस दारात उभा राहिला की त्याचं प्रकरण आपल्याला अर्धं कळतं. हिचं काहीच कळलं नाही.

अर्ज भरून घ्यायला आमचे कारकूनकाका होते. त्यांनी नाव विचारलं, वय विचारलं, पत्ता विचारला. पत्ता जुन्या शहरातल्या एका मोहल्ल्याचा होता. मग त्यांनी विचारलं, "माहेर कुठलं?"

मुलगीच म्हणाली, "अम्मी कराचीची आहे." स्वच्छ मराठीत, बालवाडीत शिकवलेलं उत्तर द्यावं तशी.

काकांचं पेन थांबलं.

आमचं बोलणं हिंदीतच झालं. तिची उर्दू कराचीची, माझी हिंदी पिशोरची. इथं मी ते मराठीतच लिहिते आहे. त्या दुपारी तिनं जे सांगितलं ते थोडक्यात असं. तिची आई मूळची इथलीच. अठ्ठेचाळीस साली हैदराबाद संस्थानात पोलीस ॲक्शन झाली तेव्हा आई आठ वर्षांची होती आणि तिची मोठी बहीण सोळाची. मोठीचं नुकतंच लग्न झालेलं. त्यांचे वडील निजामाच्या महसूल खात्यात नोकरीला होते. नोकरी गेली, भीती बसली आणि ते धाकटीला घेऊन कराचीला निघून गेले. मोठी सासरी, इथंच राहिली. दोघी बहिणींनी पुढं पत्रांवर दिवस काढले. बऱ्याच वर्षांनी मोठीनं आपल्या धाकट्या मुलासाठी बहिणीची शेवटची मुलगी मागून घेतली. ती म्हणजे ही. लग्न होऊन आली त्याला नऊ वर्षं झाली होती. सासू म्हणजे सख्खी मावशीच. ती तिला खालाच म्हणायची.

"माझ्याकडं पाकिस्तानचा पासपोर्ट आहे," ती म्हणाली. "म्हणजे माझ्याकडं नाही. त्यांच्या कपाटात आहे. व्हिसा दर वर्षी वाढवावा लागतो. अर्जावर हमीदार म्हणून ते सही करतात. या वर्षी करणार नाही म्हणाले."

"मुदत कधी संपते?"

"एकोणीस दिवसांनी."

हात कसा मोडला हे तिनं सगळ्यात शेवटी सांगितलं, तेही मुलीला काकांनी बाहेर पाणी प्यायला नेल्यावर. घाटीत, म्हणजे सरकारी दवाखान्यात, डॉक्टरांना तिनं न्हाणीघरात पाय घसरला असं सांगितलं होतं. खरं म्हणजे नवऱ्यानं तिचा हात कपाटाच्या दारात दाबला होता. ती पासपोर्ट मागायला गेली होती. मारहाण नवी नव्हती. लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून चाललेली. प्रत्येक वेळी तो एकच गोष्ट म्हणायचा. एक फोन केला की तू सरहद्दीच्या पार. आणि पोरगी इथली आहे, ती इथंच राहील.

"हे खरं आहे का, बाजी?" तिनं विचारलं. वयानं ती माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल, पण पहिल्या दिवसापासून मला बाजी, म्हणजे ताई, म्हणायची. "मला पाठवलं तर पोरगी इथंच राहील?"

परदेशी नागरिकांचा कायदा मी परीक्षेपुरताच वाचला होता, आणि त्यातलाही बराचसा भाग ऑप्शनला टाकला होता. मी म्हणाले, "असं काही होणार नाही." मी ते कशाच्याही आधारावर बोलले नव्हते.

ती बाहेर बसल्यावर काका हळूच म्हणाले, "मॅडम, ही आपल्या देशाची नाय. हिला आपला फुकटचा वकील बसतो का?"

मीही तोच विचार करत होते. कायद्याचं पुस्तक काढलं. कुणाला मोफत मदत मिळेल त्याची यादी दोनदा वाचली आणि कार्यालयाचे सचिव म्हणून बसणाऱ्या न्यायाधीशांकडं गेले. त्यांनी पुस्तक माझ्या हातून घेतलं, बोट ठेवून वाचलं. "इथं 'स्त्री' लिहिलंय. 'भारतीय स्त्री' लिहिलंय का?"

"नाही सर."

"मग झालं." त्यांनी अर्जावर सही केली आणि माझ्याकडं पाहिलं. "पण जपून. चूक झाली तर ती तुमच्या-माझ्या अंगाशी येणार नाही, तिच्या येईल."

चूक मी दुसऱ्याच दिवशी केली.

पोलिसांच्या कार्यालयात परदेशी नागरिकांची नोंद ठेवणारी एक छोटी शाखा होती. बुधवारी सकाळी मी एकटीच तिथं गेले. माझा विचार असा होता की कुणाचंही नाव न घेता नुसती चौकशी करायची. समजा एखाद्या बाईचा पासपोर्ट नवऱ्याकडं अडकला असेल तर काय करायचं, एवढंच विचारायचं. टेबलापाशी एक जमादार बसले होते. निवृत्तीला आलेले, चष्मा कपाळावर, पुढ्यात दोऱ्यानं बांधलेल्या फायली. बोलण्यावरून कन्नड तालुक्याकडचे वाटले. नंतर कळलं, देवगाव रंगारीचे.

त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा खाली ओढला आणि म्हणाले, "कराचीवाली का? मुदत याच महिन्यात संपती तिची."

मी म्हणाले, "मी कुणाचं नाव घेतलं नाही."

"नाव कशाला घ्यायला पायजे, वकीलबाई? अख्ख्या शहरात अशा बाया बोटावर मोजण्याएवढ्या. त्यातली मुदतीला आलेली ती एकलीच."

मी काहीतरी बोलून तिथून निघाले. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. पिशोरला कुणाच्या घरी नवीन सून आली की अख्ख्या बाजाराला माहीत असतं. इथं तर माणसांची नोंद ठेवणं हेच त्या माणसाचं काम. मी तिचं नाव न घेता तिलाच त्याच्या पुढ्यात नेऊन उभं केलं होतं.

तो दिवस आणि पुढचा दिवस माझं कशात लक्ष लागलं नाही. तिला फोन करायची सोय नव्हती, कारण घरातला फोन नवऱ्याच्या हातात असायचा. मोहल्ल्यात जाऊन पाहावं तर मीच संशय ओढवून घेणार. गुरुवारी कोर्टात एका साध्या तारखेला मी चुकीच्या पक्षकाराचं नाव घेतलं आणि न्यायाधीशांनी वर पाहिलं. ज्या ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली मी काम करत होते त्यांना मधल्या सुट्टीत सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. ते एवढंच म्हणाले, "आता तिची वाट बघण्याशिवाय तुझ्या हातात काही नाही."

शुक्रवारी दुपारी ती आली. मुलीच्या पाठीवर दप्तर होतं आणि तिच्या डाव्या हातात कापडी पिशवी. ओठ सुजलेला.

गुरुवारी सकाळी एक पोलीस शिपाई घरी येऊन गेला होता. दर वर्षी मुदतीच्या आधी येतात तसाच, बाई पत्त्यावर राहते का ते बघायला. पण या वर्षी तो चार दिवस लवकर आला. आणि जाताना नवऱ्याला म्हणाला, वकिलीणबाई येऊन चौकशी करून गेल्या. नवऱ्याला तेवढंच पुरलं. संध्याकाळी मारलं आणि शुक्रवारी सकाळी दोघींना दाराबाहेर काढलं. खाला मधे पडली तर तिलाही बाजूला ढकललं.

"तुम्ही गेला होतात का, बाजी?" तिनं विचारलं. आवाजात राग नव्हता. तिला फक्त जाणून घ्यायचं होतं.

"हो," मी म्हणाले. "माझी चूक झाली."

तिनं पिशवी टेबलाखाली ठेवली. मुलगी काकांनी दिलेल्या पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीनं काहीतरी काढत होती. तिच्याकडं बघत आई म्हणाली, "आता पुढं काय करायचं ते सांगा."

पुढं काय करायचं हे सांगणं सोपं नव्हतं. आज कुठं राहायचं, इथूनच अडचण होती. माझ्या मनात पहिल्यांदा आमचं पिशोरचं घर आलं. आई-वडील दोघंच, चार खोल्या, कुणी काही विचारणार नाही. मी तसं म्हणाले तर तिनं मान हलवली. तिचा व्हिसा फक्त या शहरापुरता होता. शहराची हद्द ओलांडायची तर आधी परवानगी. नऊ वर्षांत ती दौलताबादलासुद्धा गेली नव्हती. तिच्या दिराला शेंद्र्याच्या कारखान्यात नोकरी लागली तेव्हा सगळं घर तिकडं जेवायला गेलं होतं, ही एकटी घरी राहिली होती. शिवाय शहरातल्या शहरात पत्ता बदलला तरी पोलिसांना लेखी कळवायला लागतं, नाही कळवलं तर गुन्हा. म्हणजे एखाद्या मैत्रिणीकडं आज मुक्कामाला गेली असती तरी उद्या तीच आरोपी.

शेवटी सचिव साहेबांनी शासकीय महिला वसतिगृहात फोन केला. जागा मिळाली. मी तिथला पत्ता घालून अर्ज लिहिला, तिनं डाव्या हातानं वाकडीतिकडी सही केली, आणि कार्यालय बंद व्हायच्या आधी मी तो घेऊन पुन्हा त्याच जमादारांच्या टेबलापुढं उभी राहिले.

त्यांनी अर्ज वाचला. "हाकललं का?"

"तुमचा शिपाई जाऊन आल्यावर."

त्यांनी मान खाली घातली. मग शिक्का उचलला, पोच दिली, आणि म्हणाले, "त्याला मी काय सांगितलं नव्हतं, वकीलबाई. मीच हितं मोठ्यानं बोललो आसन." एवढंच. मी अर्धी चूक त्यांच्यावर टाकायला आले होते आणि त्यांनी ती उचलली, तरी माझी कमी झाली नाही.

सोमवारी सकाळी आम्ही दोन कामं केली. ठाण्यात जाऊन मारहाणीची तक्रार दिली आणि न्यायालयात घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखाली अर्ज दाखल केला. तो कायदा तेव्हा नवाच होता, आमच्यातल्या कित्येकांनी त्याखाली एकही प्रकरण चालवलं नव्हतं. ठाण्याच्या पायऱ्यांवर ती थांबली. नऊ वर्षं ज्यांची भीती घातली गेली त्यांच्या दारात ती आपल्या पायानं जात होती. "आत गेले की मला धरतील," ती म्हणाली. मी तिच्याजवळ उभी राहिले. तिच्या मुदतीतले अजून तेरा दिवस शिल्लक होते, आज ती कायद्यानं पूर्ण बरोबर होती, हे मी तिला पुन्हा पुन्हा सांगत होते. स्वतःलाही सांगत होते. आत एक महिला हवालदार होत्या. त्यांनी प्लॅस्टर पाहिलं, ओठ पाहिला आणि म्हणाल्या, "बसा. आधी पाणी घ्या."

त्या रात्री वसतिगृहाची खिडकी वाजली तरी ती दचकत होती, असं तिनं नंतर सांगितलं. मीही फार वेगळ्या अवस्थेत नव्हते. मी रोज दिवस मोजत होते. आणि मोजता मोजता एके सकाळी लक्षात आलं की एकोणिसावा दिवस रविवारी येतोय, त्याच्या आदला चौथा शनिवार. दोन्ही दिवशी कार्यालय बंद. म्हणजे खरी मुदत शुक्रवारचीच. आमचे दोन दिवस असेच गेले. मी हे तिला लगेच सांगितलं नाही. दुपारी सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत होतं. मी नऊ वर्षं हेच मोजतेय."

पुढच्या सोमवारी न्यायालयात नवरा हजर झाला. साधा इस्त्रीचा शर्ट, मोटार वाइंडिंगचं दुकान चालवणारा माणूस, बोटांवर काळे डाग. त्याला पाहून कुणाला काही वाटलं नसतं. त्याचा वकील म्हणाला, पासपोर्ट बाईकडंच आहे, ती खोटं बोलते. न्यायाधीशांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि आदेश दिला, पासपोर्ट आणि बाकीची कागदपत्रं बुधवारपर्यंत हजर करा. बुधवारी तो आला आणि म्हणाला, "घरभर शोधलं. सापडत नाही." न्यायाधीशांनी ठाण्याला शोध घ्यायला सांगितलं. पण शोधायला किती दिवस लागतील ते कुणी सांगू शकत नव्हतं, आणि आमच्याकडं दोनच होते.

त्या दिवशी त्याच्याबरोबर खाला आली होती. मी तिला पहिल्यांदाच पाहिलं. पंचाहत्तरीच्या आसपास, काठी टेकत चालणारी, डोक्यावरून पांढरी ओढणी. मुलगा वकिलाशी बोलत होता तेवढ्यात ती व्हरांड्यात आमच्याकडं आली. भाचीच्या प्लॅस्टरवर तिनं हात ठेवला. मग मला म्हणाली, "बेटी, ती पोलिसातली तक्रार तेवढी मागं घ्यायला लावा. मी त्याला समजावते. पासपोर्ट निघेल."

माझ्या डोक्यात विचार आला, घ्यावी का मागं? पासपोर्ट मिळेल, मुदत वाढेल, मुलगी आईजवळ राहील. नंतरचं नंतर. मी म्हणाले, "हे त्यांनीच ठरवायचं."

ती मावशीला म्हणाली, "खाला, तक्रार मागं घेतली तर या वर्षीचा शिक्का मिळेल. पुढच्या वर्षी पुन्हा मुदत येईल. तेव्हा दुसरा हात."

"मग काय, माझ्या मुलाला जेलमध्ये घालायचं?"

"ते मला नाही ठाऊक. पण मी खोटं लिहून देणार नाही. मला पाठवायचं असेल तर पाठवू दे."

खाला वळली आणि काठी टेकत मुलाकडं निघून गेली. मला वाटलं, संपलं.

गुरुवारी सकाळी मी न्यायालयाच्या आदेशाची प्रत, तक्रारीची प्रत आणि घाटीचे कागद घेऊन जमादारांकडं गेले. आता लपवायचं काही राहिलं नव्हतं. मी विचारलं, "पासपोर्टशिवाय अर्ज घेता येईल का?"

ते उठले. मागच्या कपाटातून एक जाडजूड फाईल काढली आणि माझ्यासमोर उघडली. त्यात तिच्या पासपोर्टच्या प्रत्येक पानाची प्रत होती. नऊ वर्षांची, दर वर्षीची. पहिल्या पानावरचा तिचा फोटो लग्नाच्या वेळचा असावा, गाल भरलेले. "माझी सवय हाये," ते म्हणाले. "लोकं कागद हरवत्यात. मग सरकार म्हणतं माणूसच नाय." त्यांनी शाखेच्या साहेबांशी बोलून घेतलं. न्यायालयाचा आदेश आणि या प्रती जोडून अर्ज घेता येईल, पासपोर्ट सापडला की दाखवायचा, असं ठरलं. मी कागद आवरायला लागले, तेवढ्यात ते म्हणाले, "पण हमीदार लागन. हितला नागरिक. नात्यातला आसन तर लई बरं. बाई हितं राहती, चांगल्या चालीची हाये, तिची जबाबदारी माझी, आसं त्यानं लिहून द्यायचं."

"मी देते."

"तुम्ही तिच्या वकील. तुमची सही साहेब मानतील का नाय, सांगता येत नाय."

ज्येष्ठ वकिलांनी तर साफ नाही म्हटलं. "तू हमीदार झालीस की उद्या त्याचा वकील तुलाच साक्षीदार म्हणून बोलावेल. मग हिचं प्रकरण कोण चालवणार?" त्या मोहल्ल्यातल्या दोन शेजारणींना विचारलं. एकीला हिच्याबद्दल खरंच माया होती, पण तिच्या नवऱ्यानं दारातूनच हात जोडले. पाकिस्तानी बाईच्या कागदावर सही करायची म्हणजे उद्या कोण काय विचारील, या भीतीनं दुसरीनंही नकार दिला. काकांनी न सांगता आपलं रेशनकार्ड आणून टेबलावर ठेवलं. "माझी घ्या सही," म्हणाले. नात्यातलं कुणी मिळालंच नाही तर तेच, असं ठरवून मी शुक्रवारी सकाळी तिला आणि काकांना घेऊन शाखेत गेले.

साहेब दुपारी येणार होते. आम्ही बाकावर बसलो. तिनं मुलीला वसतिगृहातच ठेवलं होतं. एक वाजला, दोन वाजले. पाणी प्यायला उठले आणि तेवढ्यात साहेब आले तर, म्हणून उठले नाही. ती सारखी एकच विचारत होती. "नाही घेतला अर्ज तर आजच धरून नेतील का? पोरीला भेटू देतील?" मी प्रत्येक वेळी नाही-हो, नाही-हो करत होते. मला दोन्हींतलं काहीच माहीत नव्हतं.

तीनच्या सुमारास दारातून काठी आत आली.

खाला एकटीच होती. रिक्षानं आली होती. जमादारांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली आणि विचारलं, "कराचीच्या मुलीचा कागद इथंच होतो ना? सही कुठं करायची?"

जमादारांनी मतदार ओळखपत्र मागितलं. ते तिनं ब्लाउजमधल्या बटव्यातून काढलं. त्यांनी समजावलं, "अम्मा, ही हमी हाये. पोरगा विचारन तुमाला."

"विचारू दे," ती म्हणाली. मग भाचीकडं न बघता, जमादारांना सांगितल्यासारखं म्हणाली, "अब्बांनी हिच्या आईला घेऊन गाडीत बसवलं तेव्हा ती माझा पदर सोडत नव्हती. बोटं सोडवायला लागली. नंतर मीच तिच्याकडून हिला मागून आणली. म्हटलं, माझी मुलगी म्हणून ठेवीन." ती थांबली. "आता परत पाठवलं तर बहिणीला काय लिहू?"

तिनं सही उर्दूत केली. एकेका अक्षराला वेळ लागत होता, आणि आम्ही सगळे, जमादारसुद्धा, त्या पेनाकडं बघत उभे होतो. साहेब सव्वाचारला आले. अर्ज घेतला. पोचपावतीवर शिक्का पडला तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजायला दहा मिनिटं होती. ती पावती तिनं वाचली, पुन्हा वाचली, आणि मग भिंतीला टेकून खाली बसली. खाला काठी घेऊन तिच्या शेजारी बसली. काकांनी रेशनकार्ड घडी करून खिशात ठेवलं.

मुदतवाढ चार महिन्यांनी आली. तोपर्यंत दर पंधरा दिवसांनी पावती दाखवावी लागायची, आणि दर वेळी तिला ताप आल्यासारखं व्हायचं. पासपोर्ट पुढं पोलिसांना दुकानात सापडला, तांब्याच्या तारेच्या रिळांमागं. खटला तीन वर्षं चालला. तिनं साक्ष दिली, उलटतपासणीत तिला तिचा देश विचारून विचारून छळलं गेलं, तरी तिनं जबाब बदलला नाही. मॅजिस्ट्रेटनं त्याला दोषी ठरवलं, पण तुरुंगात न पाठवता चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडलं. तिला तेवढं पुरेसं वाटलं. मला वाटलं नाही. मी अपील करू या म्हणाले तर ती म्हणाली, "खालाला अजून त्याच घरात राहायचंय, बाजी."

तलाक झाला. मुलगी तिच्याकडंच राहिली. एका शाळेचे गणवेश शिवायचं काम मिळालं, दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. खाला आठवड्यातून एकदा तिच्याकडं यायची, जेवून जायची, आणि मुलाला कधी सांगायची नाही. शेवटच्या आजारपणात मात्र ती भाचीकडंच येऊन राहिली. मुलगाही भेटायला यायचा, बाहेरच्या बाहेर बसून जायचा. खाला गेली तेव्हा कराचीला फोन हिनंच लावला.

नागरिकत्वाचं काम सगळ्यात लांबलं. अर्ज, तपासणी, पुन्हा तपासणी, तिकडचं नागरिकत्व सोडल्याचा दाखला. जमादार दरम्यान निवृत्त होऊन गावी गेले होते. मुलगी कॉलेजात गेली त्या वर्षी प्रमाणपत्र मिळालं. जिल्हाधिकारी कार्यालयात तिनं शपथ घेतली. मराठीत घेतली, कुठंही अडखळली नाही. बाहेर आल्यावर मुलीनं तिला मिठी मारली, मी पेढे काढले. ती पेढा हातात धरून उभी राहिली आणि तिच्या चेहऱ्यावर पुन्हा तीच काळजी दिसली.

"काय झालं?" मी विचारलं.

"अम्मी तिकडं आहे," ती म्हणाली. "आता तिला भेटायला जायचं तर मला व्हिसा लागणार ना?"

"लागेल," मी म्हणाले.

तो अर्ज आम्ही त्याच आठवड्यात भरला. दोनदा नामंजूर झाला. तिसऱ्यांदा मिळाला तेव्हा आई ऐंशीच्या पुढं गेली होती, पण होती. सव्वा महिना राहून ती परत आली.